सगळ्यात धाकटी क्लॉडफेल्टर

आमच्या पायनी फोर्डमध्ये जन्माला येणाऱ्या मुलीचं नाव तिच्या बापाच्या आधी व्हर्ला क्लॉडफेल्टरला कळतं. कारण साधं आहे. दुपटं, लाळेरं, टोपरं, सगळ्यावर नाव भरून मिळतं ते फक्त तिच्याकडे, आणि उत्तर कॅरोलायनातल्या आमच्या या कोपऱ्यात नाव भरलेलं दुपटं नसेल तर मूल जन्मलंय असं कोणी धरतच नाही. एकतीस वर्षं बाईने मोज्यांच्या कारखान्यात मोज्यांची टोकं शिवली. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडत घरी गेल्या. व्हर्ला भरतकामाचं मशीन घेऊन घरी गेली, भावाने तिच्याकडे ठेवलेली जुनी गाडी गॅरेजमधून बाहेर ढकलली आणि तिथे दुकान मांडलं. गाडी अजून अंगणातच आहे. तिच्यात आता मांजरं राहतात.

वय एकाहत्तर. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं तर म्हणते, "वेळ मिळाला नाही," आणि विचारणाऱ्याकडे अशी बघते की तो पुढचा प्रश्न गिळून टाकतो. गावात सगळे तिला मिस व्हर्ला म्हणतात. आमच्या गावात कोणाच्या पोटात काही राहत नाही, पण व्हर्लाने आजवर एकाही बाळाचं नाव वेळेआधी फोडलेलं नाही. आज्या येतात, केक घेऊन येतात, गोड बोलतात, गुडघ्याची चौकशी करतात. व्हर्ला केक ठेवून घेते आणि आज्यांना वाटेला लावते.

आता आमच्याकडची रीत अशी, की आईच्या माहेरचं आडनाव हेच मुलीचं पहिलं नाव ठेवायचं. लग्न झालं की माहेर सुटतं, आडनाव सुटतं; निदान लेकीला हाक मारताना तरी ते तोंडात राहावं, एवढाच त्यातला मतलब. हे पणज्यांपासून चालत आलंय. पण मधल्या काळात त्याची फॅशन झाली आणि जो तो उठून कोणाचंही आडनाव उचलायला लागला. रविवारी चर्चच्या पाळणाघरात हजेरी घेतली तर वकिलांच्या कचेरीवरची आडनावांची पाटी वाचतोय असं वाटतं: पार्कर, सटन, लॉसन, कॅम्बेल, पामर. आणि यातला एकेक वकील लंगोटात.

ही फॅशन बघून व्हर्लाच्या मस्तकात तिडीक जाते. म्हणून आलेल्या प्रत्येक बाईला ती कानामागची पेन्सिल काढत एकच प्रश्न विचारते, "कोणाकडचं?"

"माझ्या आईकडचं," म्हटलं की दुपटं गुरुवारी तयार. "सासूबाईंकडचं," म्हटलं तर एक उसासा, पण तरीही गुरुवारीच. आणि कोणी जर म्हणालं, "कोणाकडचं नाही हो, छान वाटलं म्हणून," की संपलं! मशीन बिघडतं, दोरा मिळत नाही, गुडघा धरतो, दुपटं जातं पुढच्या महिन्यावर.

"अहो मिस व्हर्ला, आमच्या शेजारणीला तर चार दिवसांत दिलंत!"

"तिचं नाव तिच्या पणजीचं होतं. तुझं दुकानातून आणलंय. बाहेरच्या मालाला वेळ लागतो."

बरं, दुसऱ्यांच्या नावांची एवढी उठाठेव करणाऱ्या बाईचं स्वतःचं आडनाव काय, तर क्लॉडफेल्टर. जिन्यावरून ट्रंक गडगडत खाली यावी तसं. आमच्या कानांना सवय आहे, पण बाहेरचा माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा विचारतो, हे ट्रॅक्टरच्या कुठल्या बाजूला बसतं? लॉसन आणि पामर नावाच्या पोरी गावभर झाल्या. क्लॉडफेल्टरांच्या घरातून इतक्या लेकी सासरी गेल्या, पण आपल्या मुलीला हे नाव द्यायची हिंमत एकीलाही झाली नाही. आणि आता तर ते आडनाव लावणारं माणूसही एकच उरलं होतं, आणि तेच कानामागे पेन्सिल खोचून गॅरेजमध्ये बसलं होतं.

ही गोष्ट व्हर्लाला दर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, टाळ्यांच्या गजरात, सगळ्यांसमोर ऐकवली जायची. त्या दिवशी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये क्लॉडफेल्टर घराण्याचा मेळावा भरतो. एके काळी माणसं मावत नसत, झाडांखाली टेबलं लावावी लागत. आता चाळीसेक जण येतात, तेही सगळे लेकीबाळींच्या पोटचे, परक्या आडनावांचे. मेळाव्यात दोन बक्षिसं असतात. व्हर्लाच्या आजोबांनी बियाण्याच्या दुकानातून आलेल्या एका कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने नियम लिहून ठेवलाय: 'हजर असलेल्यांत, ज्याच्या नावात क्लॉडफेल्टर आहे अशा सगळ्यात थोरल्याला अंजिराच्या मुरंब्याची बरणी, आणि सगळ्यात धाकट्याला खुळखुळा.' म्हाताऱ्याचं जावयांशी पटत नसे. जावयांची पोरं बक्षिसं घेऊन जातील म्हणून त्याने ही मेख मारून ठेवली होती.

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये व्हर्लाचा थोरला भाऊ डॉयल गेला. त्याच जूनमध्ये डॉयलच्या एकुलत्या एका मुलीचं, जनेलचं लग्न झालं. आमच्या मुली लग्नानंतर माहेरचं आडनाव निदान मधल्या नावाला तरी ठेवतात. जनेल दुसऱ्याच आठवड्यात कचेरीत जाऊन ते साफ पुसून आली, नुसती जनेल हॉलिंग्ज झाली, आणि परत येताना आइस्क्रीम खाऊन आली. त्या ऑगस्टला व्हर्लाचा आत्तेभाऊ हॉइट बेक नेहमीप्रमाणे बक्षिसं द्यायला कॅलेंडर घेऊन उभा राहिला.

"सगळ्यात थोरली," हॉइट म्हणाला, "व्हर्ला क्लॉडफेल्टर." टाळ्या झाल्या. "सगळ्यात धाकटी..." त्याने हॉलवर नजर फिरवली, चष्मा काढून पुसला, परत फिरवली. "सगळ्यात धाकटी, व्हर्ला क्लॉडफेल्टर."

लोक हसून हसून लोटपोट झाले. व्हर्लाही हसली, तिने खुळखुळा डोक्यावर धरून वाजवला. हॉइट जन्मभर फर्निचरच्या कारखान्यात होता, दरवर्षी तो खुळखुळा स्वतः लाकडाचा घडवतो आणि नियमाच्या बाहेर पाऊल टाकत नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच झालं, पण लोक जरा बेतानेच हसले. तिसऱ्या वर्षी कोणी हसलं नाही. चौथ्या वर्षी खुळखुळा हातात घेताना व्हर्ला हळूच म्हणाली, "हॉइट, पुढच्या वर्षी हा करू नकोस रे बाबा."

"नियम आहे, व्हर्ला."

"आणि मी मेल्यावर?"

"मग दोन्ही बक्षिसं माझ्याकडेच राहतील," हॉइट म्हणाला. आपण काय बोलून बसलो ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो लगबगीने केळ्याचं पुडिंग वाढायला निघून गेला.

ते चार खुळखुळे व्हर्लाच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत ओळीने ठेवलेले आहेत. भांडी घासताना ते समोर दिसतात. वय वर्षं सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर.

आणि या जानेवारीत जनेलचा फोन आला. "आत्या, मुलगी आहे! मे महिन्यात."

व्हर्लाने फोन ठेवला आणि मनातल्या मनात कॅलेंडरची पाठ परत वाचून काढली. नियमात आजोबांनी 'नावात' म्हटलं होतं. 'आडनावात' म्हटलेलं नव्हतं. आणि रीतीप्रमाणे जनेलच्या मुलीचं पहिलं नाव म्हणजे जनेलच्या माहेरचं. क्लॉडफेल्टर हॉलिंग्ज. पाळण्यात एक क्लॉडफेल्टर, चांगली ऐंशी-नव्वद वर्षं टिकेल अशी! आता सरळ फोन उचलून "जनेल, एवढं कर गं माझ्यासाठी," असं म्हणायचं की नाही? पण व्हर्लाने जन्मात कधी कोणाकडे काही मागितलेलं नाही. मागायचं म्हटलं की तिच्या जिभेला गाठ पडते.

मागण्याऐवजी तिने भलतंच केलं. आई स्वतः येऊन नाव सांगत नाही तोवर सुईत दोरा ओवायचा नाही, हा तिचा स्वतःचा नियम. तो तिने मोडला. साईसारख्या पांढऱ्या कापडाचं दुपटं काढलं आणि त्यावर पिवळ्या रेशमाने वळणदार अक्षरांत क्लॉडफेल्टर भरलं. इंग्रजीत दहा अक्षरं होतात हो! पहिल्यांदा शेवटची दोन काठाबाहेर गेली. उसवलं. दुसऱ्यांदा मधलीच खेटून बसली. परत उसवलं. तिसऱ्यांदा मात्र असं जमलं की ती स्वतःच बघत राहिली. पिवळ्या रेशमात ते नाव ट्रॅक्टरचं अजिबात वाटत नव्हतं.

मार्चमध्ये जनेल आली, पोटावर हात ठेवून, धापा टाकत.

"बस आधी. केवढं गं हे पोट! जुळी नाहीत ना?"

"एकच आहे, पण लाथा दोघींच्या मारते." जनेलने पर्समधून चिठ्ठी काढली. "सहा लाळेरी, दोन टोपरी, दोन दुपटी. पुढच्या शनिवारी बाळासाठी पार्टी आहे."

व्हर्लाने चिठ्ठी उघडली. त्यावर लिहिलं होतं: हॅडली.

तिने ते दोनदा वाचलं. मग कानामागची पेन्सिल काढली. "कोणाकडचं? सासूकडचं का?"

"छे! त्या तर फुगून बसल्यात, त्यांना त्यांच्या माहेरचं हवं होतं. कोणाकडचंच नाही गं, आत्या. छान वाटलं म्हणून."

व्हर्लाला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ती काही बोलायच्या आत जनेलचं लक्ष मशीनशेजारच्या टोपलीकडे गेलं. "हे काय?" तिने दुपटं ओढून काढलं, उलगडलं आणि वाचलं.

"माप घेत होते," व्हर्ला म्हणाली. "दहा अक्षरं मावतात का बघायला. नमुना आहे तो."

जनेलने दुपट्याची परत घडी केली. मग म्हणाली, "आत्या, तुला असं वाटलं नव्हतं ना, की मी..."

"मला कशाला काय वाटेल?"

"क्लॉड म्हणजे ढेकूळ ना, शाळेत बारा वर्षं सगळे मला तेच म्हणायचे. क्लॉडफेल्टर कोणी म्हटलंच नाही. बसमध्ये चढले की पोरं ओरडायची, ढेकूळ आलं, सरका! बाबांना मी कधी सांगितलं नाही, त्यांना केवढा अभिमान होता त्याचा. तुला वाईट वाटेल, पण माझ्या पोरीच्या गळ्यात मी ते बांधणार नाही."

"मी मागितलंय का काही?" व्हर्ला फणकारली. "गुरुवारी ये न्यायला."

छान वाटलं म्हणून ठेवलेल्या नावाला गुरुवार! व्हर्लाच्या दुकानात हे पहिल्यांदाच घडलं. पण घरचंच माणूस ते, त्याला काय करता? तिने सहा लाळेऱ्यांवर, दोन टोपऱ्यांवर आणि दोन दुपट्यांवर हॅडली भरलं, एकही टाका वाकडा नाही. आणि नमुना म्हटलंय तर नमुनाच असू दे म्हणून ते पांढरं दुपटं तिने नमुन्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगलं. उगाच कोणी म्हणायला नको, लपवून ठेवलं.

एप्रिलमध्ये एक दिवस दुकानात एक अनोळखी मुलगी शिरली. सातवा महिना, हातात बर्फाचा कागदी पेला, तोंडात बर्फाचा खडा.

"मिस व्हर्ला तुम्हीच ना? मी ड्रीमा रॅटलिफ. आम्ही वेस्ट व्हर्जिनियातून आलो, सहा महिने झाले. नवरा ट्रक चालवतो, मी हायवेवरच्या चिकनवाल्याच्या खिडकीवर असते. तुम्ही दर शुक्रवारी माझ्याचकडून नेता, दोन तंगड्या आणि कोबी. आज माझा नंबर!" हे सगळं एका दमात, मधे बर्फ चावत. "मला पोरीच्या दुपट्यावर नाव हवंय. पण नाव ठरत नाहीये. सटन आवडलं तर शेजारी सटन. पामर म्हटलं तर कामावर दोन पामर. आता तुम्हीच सांगा, काय..." आणि ती थांबली. तिची नजर दोरीवर गेली होती. "अगं बाई! हे काय आहे?"

"ते विकायचं नाही."

"पण वाचायचं कसं ते?"

"क्लॉडफेल्टर," व्हर्ला म्हणाली, नाइलाजाने.

"परत म्हणा ना."

"क्लॉडफेल्टर."

"आई गं, काय नाव आहे!" ड्रीमाने पेला खाली ठेवला. "या नावाच्या पोरीला कोणी धक्का मारला ना, तर धक्का मारणाराच पडेल. हेच हवं मला."

"ते नाव नाही, आडनाव आहे. माझं."

"मग तर उत्तमच, मालकीणच समोर आहे. द्याल?"

"साखर आहे का ती, वाटीभर मागून न्यायला?" व्हर्लाचा पारा चढला. जनेलवरचा सगळा राग या परक्या पोरीवर निघाला. "छान वाटलं म्हणून कोणी कोणाचं नाव उचलत नसतं. माणसं मरून गेलीत त्या नावाची. तुझ्या आईकडचं घे, बापाकडचं घे. काय आहे तुझं, कोणाकडचं?"

ड्रीमाच्या दाताखालचा बर्फ वाजायचा थांबला. "माझ्याकडे कोणाकडचंच काही नाहीये हो," ती म्हणाली, कसनुसं हसली आणि निघून गेली. पेला टेबलावरच राहिला.

व्हर्लाने तो पेला फेकला नाही. बर्फ वितळला, पाणी झालं, तरी तो तिथेच. ती स्वतःवर चिडली, मांजरांवर चिडली, मशीनवर चिडली. जिने घ्यावं तिला नको, आणि जिचा काडीचा संबंध नाही ती हात पसरून मागते! मागते तरी. आपल्याला तेवढंही जमलं नाही, हे तिला रात्रंदिवस टोचत राहिलं. भांडी घासताना समोर चार खुळखुळे. गुरुवारपर्यंत ती तशीच धुमसली आणि शुक्रवारी तिने पिकअप काढली.

चिकनवाल्याच्या खिडकीसमोर भर दुपारची गाड्यांची रांग. व्हर्लाचा नंबर आला तसं कानाला माइक लावलेल्या ड्रीमाने खिडकी सरकवली आणि तिचं तोंड उतरलं.

"दोन तंगड्या, कोबी?"

"चुलीत गेला तुझा कोबी. मला सांग, ते नाव तुला का हवंय? छान वाटलं म्हणून, हे सोडून सांग."

"मिस व्हर्ला, मागे रांग आहे."

"दिसतेय मला."

मागून हॉर्न वाजला. ड्रीमाने माइक वर सरकवला. "मी पाच घरांत वाढले. सगळी दुसऱ्यांची, सरकार पाठवील तिथली. प्रत्येक घरात त्यांच्या पोरांची नावं भरलेले टॉवेल असायचे न्हाणीघरात, ओळीने टांगलेले. माझा कोरा असायचा. तसे वाईट नव्हते हो ते लोक, पण मी किती दिवस राहणार ते त्यांनाच माहीत नसायचं, मग नाव कशाला भरतील?" ती हसायचा प्रयत्न करत होती. "गावातल्या बायकांनी सांगितलं मला, तुम्ही सगळ्यांना विचारता, कोणाकडचं म्हणून. मला वाटलं, माझ्या पोरीला कोणी तसं विचारलं तर तिच्याकडे उत्तर असावं."

"आणि काय उत्तर देशील तिला?"

"मिस व्हर्लाकडचं."

मागे आता तीन हॉर्न एकदम वाजायला लागले. व्हर्लाने गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली, मागे वळून ओरडली, "थांबा रे जरा! कोंबडी काही पळून जात नाहीये!" आणि परत ड्रीमाकडे वळली. "हे बघ, नुसतं नाव मिळत नाही. नावाबरोबर माणसं घ्यावी लागतात. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मेळावा असतो, तिथे दरवर्षी यायचं. येताना हाताने केलेलं काहीतरी आणायचं. एप्रिलमध्ये दफनभूमीत गवत काढायचं, बत्तीस थडगी आहेत. आणि हॉइट बेक नावाचा माणूस तुला नियम सांगेल, तो ऐकून घ्यायचा."

"दरवर्षी?" ड्रीमा म्हणाली.

"दरवर्षी. जमत नसेल तर आत्ताच सांग."

ड्रीमाचे डोळे भरून आले होते. "दरवर्षी बोलावणार म्हणता ना? मग जमेल. कोबी देऊ का?"

"दे आता," व्हर्ला म्हणाली आणि नाक पुसलं.

पोर जूनच्या शेवटी झाली. व्हर्लाने दोरीवरचं दुपटं काढलं, धुतलं, इस्त्री केलं आणि इस्पितळात नेऊन दिलं. घरी येऊन मात्र कोणाला चकार शब्द सांगितला नाही. जनेलला नाही, हॉइटला तर नाहीच.

ऑगस्टचा पहिला रविवार उजाडला. टेबलावर तळलेलं चिकन, भरलेली अंडी, मक्याची कणसं, व्हर्लाचं बटाट्याचं सॅलड. चाळीस माणसं आली. जनेल तिच्या तीन महिन्यांच्या हॅडलीला घेऊन आली. ड्रीमा आली नाही. एक वाजला, दीड वाजला. व्हर्ला दर पाच मिनिटांनी दाराशी जायची आणि माशा हाकलल्यासारखं करून परत यायची. पावणेदोनला तिने मनाशी म्हटलं, गेली. पाच घरं सोडलेली पोर ती, सहावं सोडायला कितीसा वेळ? आणि मी मूर्ख म्हातारी, नाव दिलं आणि वर अटी घालून बसले, कोण येईल?

दोन वाजता हॉइट कॅलेंडर घेऊन उभा राहिला.

"सगळ्यात थोरली, व्हर्ला क्लॉडफेल्टर." टाळ्या. बरणी. "सगळ्यात धाकटी..." हॉइटने या वर्षी हॉलवर नजरही फिरवली नाही. खाली मान घालून, लवकर आटपावं म्हणून, तो म्हणाला, "व्हर्ला क्लॉडफेल्टर."

पाचवा खुळखुळा तिच्या हातात आला. कोणीतरी टाळी वाजवली आणि थांबलं. व्हर्लाला तिथून उठून गाडीत जाऊन बसावंसं वाटलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. एका काखेत पोर, दुसऱ्या हातात चिकनची बादली, केस विस्कटलेले, अशी ड्रीमा आत आली. "या एका रस्त्यावर तीन चर्च आहेत हो! पहिल्यात जाऊन बसले, जेवले, कोणाच्या तरी लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून टाळ्या वाजवल्या. तासाभराने कळलं, यात मिस व्हर्लाच नाहीत!"

मेळाव्यात विकतच्या चिकनची बादली आजवर कोणी आणलेली नव्हती.

"विकतची नाही," ड्रीमाने सगळ्यांचे डोळे बादलीवर बघून घाईघाईने सांगितलं. "मीच तळते तिथे."

"या कोण?" हॉइटने विचारलं.

व्हर्ला उठली. तिने बरणी खुर्चीवर ठेवली, पोर ड्रीमाच्या काखेतून घेतली आणि दुपट्याची घडी उलगडून हॉइटच्या चष्म्यासमोर धरली. हॉइटने वाचलं. ओठ हलवत परत वाचलं.

"ही आपल्या रक्ताची आहे?"

"आजोबांनी रक्त कुठे लिहिलंय? दाखव मला." जन्मभर 'कोणाकडचं' म्हणून लोकांना छळणारी बाई हे बोलत होती, आणि बोलताना तिच्या पापण्याही हलल्या नाहीत.

हॉइटने कॅलेंडरची पाठ शेवटपर्यंत वाचली. मग उलटून पुढची बाजूही बघितली; तिथे नोव्हेंबर महिना आणि एक भोपळा होता. "नाही लिहिलेलं," तो म्हणाला. "पोरीचं पूर्ण नाव?"

"क्लॉडफेल्टर जून रॅटलिफ," ड्रीमाने सांगितलं.

"वय?"

"पाच आठवडे."

"हजर?"

पोरीने असा टाहो फोडला की खिडक्या थरथरल्या. "हजर आहे," हॉइट म्हणाला आणि त्याने घसा खाकरला. "व्हर्ला, तो खुळखुळा परत दे. चुकीच्या माणसाला गेलाय."

व्हर्लाने खुळखुळा पोरीच्या मुठीत दिला. मूठ घट्ट मिटली. मग मात्र चाळीस माणसांनी अशा टाळ्या पिटल्या, की पोर रडायची थांबून बघायला लागली. जनेल हॅडलीला खांद्यावर घेऊन जवळ आली होती. तिने दुपट्याचं टोक बोटांत धरलं, पिवळ्या रेशमावरून अंगठा फिरवला.

"आत्या," ती हळू आवाजात म्हणाली, "हे माप घ्यायला नव्हतं ना शिवलेलं?"

"माप घ्यायलाच होतं," व्हर्ला म्हणाली. "बसलं बघ बरोबर."

जनेलने मान खाली घातली. "मधलं नाव अजून लिहिलं नाहीये आम्ही हॅडलीचं."

"मी काही मागत नाहीये हं."

"माहितेय. तू कधीच मागत नाहीस, तोच तर त्रास आहे तुझा," जनेल म्हणाली आणि तिने आत्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

हॉइट वहीत नोंद करत होता. थोरली, व्हर्ला क्लॉडफेल्टर. धाकटी, आणि पुढे दुसरंच नाव. व्हर्ला खुर्चीत बसली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती नुसतीच म्हातारी होती, आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की विचारू नका. घरी नेऊन जपून ठेवायची ती अंजिराच्या मुरंब्याची बरणी तिने तिथेच उघडली, आणि बिस्किटांची टोपली कुठे नेऊन ठेवलीत म्हणून सगळ्यांवर ओरडायला लागली.